कोर्स पब्लिश झाल्यावर केलेली 'किरकोळ दुरुस्ती' तुमच्या मार्कशीटपर्यंत कशी पोहोचते?

समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरची मुलगी बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिलॅबसची पीडीएफ आली. तिने ती डाउनलोड केली, झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि वहीत ठेवून दिली.

नोव्हेंबरमध्ये ती परीक्षेचा फॉर्म भरायला सायबर कॅफेत गेली. स्क्रीनवर विषयांची यादी आली. तिच्या प्रिंटमधल्या एका विषयाचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव वेगळं. कोडमध्येही एक अंक पुढे-मागे. कॅफेवाला म्हणतो, "ताई, हाच असेल, टिक करू का?"

ती हो म्हणते, कारण मागे दहा जण रांगेत उभे आहेत.

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण कॉलेजचा फॉर्म ऑनलाइन भरलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. मधल्या पाच महिन्यांत कुणीतरी, कुठल्यातरी ऑफिसात बसून, आधीच जाहीर झालेल्या कोर्समध्ये एक छोटीशी दुरुस्ती केलेली असते. करणाऱ्याच्या दृष्टीने ती किरकोळ असते. फॉर्म भरणाऱ्याच्या दृष्टीने ती किरकोळ आहे की नाही, ते निकाल लागल्यावर कळतं.

असं का होतं, कोणती दुरुस्ती खरंच किरकोळ असते आणि कोणती नसते, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी हे सांगा, कोर्स 'पब्लिश' होतो म्हणजे काय?

पूर्वी विद्यापीठ अभ्यासक्रमाची पुस्तिका छापायचं. एकदा छापली की विषय संपला. चूक सापडलीच तर शुद्धिपत्रक निघायचं, ते नोटीस बोर्डावर लागायचं आणि पुस्तिकेत चिकटवलं जायचं. चूक कुठे होती आणि दुरुस्ती कधी झाली, दोन्ही सगळ्यांना दिसायचं.

आता हेच काम सॉफ्टवेअरवर चालतं. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या सिस्टिममध्ये प्रत्येक कोर्सची एक नोंद असते. त्यात कोर्सचा कोड, नाव, क्रेडिट, तासिका, अंतर्गत आणि लेखी परीक्षेचे गुण, पासिंगची अट, अभ्यासक्रमाचा मजकूर, संदर्भ पुस्तकं असे रकाने असतात.

ही नोंद साधारण चार पायऱ्या चढते. आधी मसुदा, मग तपासणी, मग मंजुरी आणि शेवटी पब्लिश. पब्लिश झाल्यावर ती विद्यार्थ्यांना दिसू लागते. तेवढ्यावर थांबत नाही. वेळापत्रक, परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, गुण भरण्याचा तक्ता, मार्कशीट हे सगळं त्याच एका नोंदीतून माहिती उचलायला लागतं.

म्हणजे पब्लिश झालेला कोर्स हा नुसता वाचायचा मजकूर राहत नाही. त्यावर बाकीची इमारत उभी राहते. मसुद्यात असताना विटा हलवल्या तर चालतं. वरती दोन मजले चढल्यावर खालची वीट सरकवायची असेल, तर वर कोण राहतंय हे आधी बघावं लागतं.

हे ठरवतं कोण? क्लार्क, प्राध्यापक की विद्यापीठ?

नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतली संलग्न महाविद्यालयं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. हे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं.

महाराष्ट्रातल्या अशा सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे चालतो. त्यानुसार अभ्यासक्रम तयार करण्याचं काम त्या त्या विषयाच्या अभ्यास मंडळाचं असतं. तिथून तो विद्याशाखेकडे जातो आणि शेवटची मोहोर विद्या परिषदेची असते.

थोडक्यात, कोर्सचं नाव काय, क्रेडिट किती, परीक्षा कशी, हे ठरवायचा अधिकार समितीचा आहे. सॉफ्टवेअरचा पासवर्ड मात्र समितीकडे नसतो. तो कुणातरी कर्मचाऱ्याकडे किंवा प्राध्यापकाकडे असतो. अधिकार एकाकडे आणि बटण दुसऱ्याकडे, अशी ही रचना आहे.

त्यात वाईट काही नाही. बँकेत व्याजदर क्लार्क ठरवत नाही, पण संगणकावर तोच भरतो. अडचण तेव्हा येते जेव्हा 'एवढ्याशा बदलाला समितीकडे कशाला जायचं' असं म्हणून बटण दाबलं जातं.

मग किरकोळ म्हणजे नेमकं काय?

याची सगळ्यात सोपी व्याख्या विकिपीडियाकडे आहे. तिथे लेख संपादित करताना 'छोटा बदल' अशी खूण करता येते. नियम असा की ज्या बदलावर कुणीही वाद घालणार नाही, तोच छोटा बदल. शुद्धलेखन सुधारलं, जास्तीची स्पेस काढली, तर खूण करा. वाक्याचा अर्थ बदलत असेल, तर एक शब्द बदलला तरी तो छोटा बदल धरायचा नाही.

म्हणजे किती अक्षरं बदलली यावर काही ठरत नाही. अर्थ बदलला का आणि कुणाला फरक पडला का, यावर ठरतं.

हीच कसोटी कोर्सला लावली तर साधारण तीन गट पडतात.

पहिला गट, खरंच किरकोळ: कोर्सच्या माहितीतली शुद्धलेखनाची चूक, तुटलेली लिंक, संदर्भ पुस्तकाच्या लेखकाच्या नावातली गफलत, एखाद्या वाक्याची सोपी मांडणी. हे बदलल्याने कुणाच्या परीक्षेवर किंवा गुणांवर परिणाम होत नाही.

दुसरा गट, दिसायला किरकोळ पण विचारून करायचा: कोर्सच्या नावातला एखादा शब्द, एका घटकातला उपमुद्दा, घटकांचा क्रम, संदर्भ पुस्तकाची आवृत्ती. यातलं काही परीक्षेत येऊ शकतं, काही मार्कशीटवर छापलं जातं.

तिसरा गट, कधीच किरकोळ नसलेला: कोड, क्रेडिट, गुणांची विभागणी, पासिंगची अट, आधी कोणता कोर्स पूर्ण असावा ही अट, कोर्स मेजरचा की ओपन इलेक्टिव्हचा हा प्रकार. यातला एक अंक बदलला तरी तो नवा निर्णय आहे. तो समितीतून आणि पुढच्या सत्रापासूनच व्हायला हवा.

एका क्रेडिटने काय होतं? हिशोब करून बघू

क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास शिकवणं, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यामुळे चार क्रेडिटचा थिअरी कोर्स ६० तासांचा होतो आणि तीन क्रेडिटचा ४५ तासांचा.

आता एक साधं गणित. एका विद्यार्थिनीचे दोन कोर्स आहेत. पहिला चार क्रेडिटचा, त्यात तिला ९ ग्रेड पॉइंट. दुसरा दोन क्रेडिटचा, त्यात ६ ग्रेड पॉइंट.

सरासरी अशी निघते: ४ गुणिले ९ म्हणजे ३६, २ गुणिले ६ म्हणजे १२. बेरीज ४८. भागिले एकूण क्रेडिट ६. उत्तर ८.

आता निकालाआधी कुणीतरी सिस्टिममध्ये दोन्ही कोर्स तीन-तीन क्रेडिटचे केले. एकूण क्रेडिट ६ च राहिले, त्यामुळे बेरीज तपासणाऱ्याला काही वेगळं वाटणार नाही. पण आता ३ गुणिले ९ म्हणजे २७ आणि ३ गुणिले ६ म्हणजे १८. बेरीज ४५, भागिले ६. उत्तर ७.५.

मुलीने पेपर तोच लिहिला, मार्क तेच मिळाले, एकूण क्रेडिटही तेवढेच. तरी तिचा अर्धा पॉइंट गेला. आणि तिला कारण कधीच कळणार नाही, कारण मार्कशीटवर जे छापून आलं ते आपापसात बरोबर जुळतंय.

आणि कोडमधल्या एका डॅशने?

कॉम्प्युटरला नाव वाचून 'हाच तो विषय' असं ओळखता येत नाही. तो कोड जुळतो का एवढंच बघतो. 'मराठी-१०१', 'मराठी १०१' आणि 'मराठी१०१' हे आपल्यासाठी एकच आहेत. कॉम्प्युटरसाठी ते तीन वेगळे कोर्स असू शकतात.

समजा, सिस्टिममध्ये कोड दुरुस्त केला, पण कॉलेजने अंतर्गत गुण जुन्या कोडच्या तक्त्यात भरले. आता लेखी परीक्षेचे गुण एका कोडखाली आणि अंतर्गत गुण दुसऱ्या कोडखाली. दोघांची गाठ पडत नाही. विद्यार्थ्याला मात्र दिसतं 'अंतर्गत गुणात गैरहजर' किंवा 'निकाल राखीव'.

मग सुरू होतात कॉलेजच्या ऑफिसच्या चकरा. 'विद्यापीठाला कळवलंय' हे उत्तर ऐकून परत यायचं, पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं.

पण आत्ताच हा विषय एवढा महत्त्वाचा का झाला?

कारण २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे पदवीचा नवा आराखडा महाराष्ट्राने या निर्णयातून आणला. स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला.

आधी बीए म्हणजे ठरलेले विषय आणि ठरलेले पेपर. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भाषेचे कोर्स, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट अशी मोठी यादी आहे. कोर्स लहान झाले आणि संख्येने वाढले. जितक्या नोंदी जास्त, तितक्या दुरुस्त्या जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे मधेच शिक्षण थांबवायची सोय. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण असेल, तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. म्हणजे आता फक्त 'पास' होऊन भागत नाही. क्रेडिटची बेरीज त्या आकड्याला पोहोचावी लागते. बेरीज बरोबर ४० वर असताना दोन क्रेडिटचा एक कोर्स नोंदीतून निसटला, तर उरतात ३८ आणि सर्टिफिकेट हुकतं.

तिसरी गोष्ट, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. जुलै २०२१ मध्ये देशभरासाठी सुरू झालेलं हे क्रेडिटचं खातं. बँकेत पैसे जमा होतात तसे इथे कोर्सचे क्रेडिट जमा होतात. प्रत्येक विद्यार्थ्याला १२ अंकी क्रमांक मिळतो आणि खातं डिजिलॉकरमधून बघता येतं.

या खात्यात विद्यार्थी स्वतः काही भरू शकत नाही. विद्यापीठ विषयाचं नाव, कोड, क्रेडिट अशी माहिती ठरावीक रकान्यांत भरून पाठवतं. म्हणजे सिस्टिममध्ये जे असेल तेच खात्यात जातं, आणि चूक असेल तर तीही.

क्यूआर कोडवाली पुस्तकं आठवतात का?

छापलेली गोष्ट तशीच ठेवून मागची गोष्ट बदलता येते, याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण म्हणजे शाळेच्या पुस्तकातला क्यूआर कोड.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. पुढे राज्यभरातल्या पुस्तकांवर असे कोड आले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा या कामाची जगभर चर्चा झाली.

क्यूआर कोड फक्त पत्ता सांगतो. त्या पत्त्यावर आज एक व्हिडिओ असेल, उद्या त्याहून चांगला ठेवता येतो. पुस्तक पुन्हा छापावं लागत नाही. बदल करण्याची सोय किती उपयोगाची आहे, हे यातून दिसतं.

पण यात एक अट लपलेली आहे. पत्ता बदलायचा नाही. आतलं सामान बदला, दारावरचा नंबर नाही. कोर्सचा कोड हा असाच दारावरचा नंबर आहे.

चांगलं सॉफ्टवेअर हे कसं सांभाळतं?

'बदल करूच नका' हे काही उत्तर नाही. चूक असेल तर ती सुधारलीच पाहिजे. म्हणून चांगल्या सिस्टिम बदल थांबवत नाहीत, त्याला शिस्त लावतात.

केंद्र सरकारच्या 'दीक्षा' प्लॅटफॉर्मचंच बघा. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेला हा प्लॅटफॉर्म 'सनबर्ड' नावाच्या ओपन सोर्स प्रणालीवर उभा आहे. तिथे लाइव्ह असलेला मजकूर संपादित करायला घेतला, की सिस्टिम त्याची एक वेगळी प्रत बनवते. दुरुस्ती त्या प्रतीत चालते. लोकांना तोवर जुनंच दिसतं. नवी प्रत पब्लिश झाली की मगच ती जुनीची जागा घेते, आणि ओळख क्रमांक तोच राहतो.

दुसरं उदाहरण मूडलचं. २००२ पासून वापरात असलेलं हे मोफत सॉफ्टवेअर जगभरातल्या कॉलेजांत चालतं. मूडलमध्ये एखाद्या विद्यार्थ्याने क्विझ सोडवायला घेतली, की शिक्षकाला त्यात नवा प्रश्न घालता येत नाही आणि असलेला काढता येत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून प्रश्नात बदल केला तर त्याची नवी आवृत्ती तयार होते. जुनी तशीच राहते, म्हणजे कुणी कोणता प्रश्न बघून उत्तर दिलं ते नंतरही कळतं.

गुगल क्लासरूममध्येही असंच एक कुलूप आहे. शिक्षकाने मूल्यमापनाचे निकष ठरवून गुण द्यायला सुरुवात केली, की त्या असाइनमेंटचे निकष बदलता येत नाहीत. पहिल्या मुलाला एक माप आणि दहाव्या मुलाला दुसरं, असं होऊ नये हा हेतू.

या सगळ्यांतून चार नियम निघतात, आणि ते कुठल्याही सिस्टिमला लागू आहेत.

एक, कोड कायम ठेवा आणि आवृत्ती बदला. कोड तोच, पण २०२४ ची आवृत्ती वेगळी आणि २०२५ ची वेगळी.

दोन, बदल कोणत्या सत्रापासून लागू ते लिहा. ही तारीख नसेल तर आज केलेला बदल मागच्या वर्षीच्या मुलांनाही चिकटतो.

तीन, कुणी, कधी, काय बदललं आणि आधी काय होतं, याची नोंद राहू द्या. ही नोंद पुसता येऊ नये.

चार, कोणते रकाने कोण बदलू शकतो ते ठरवा. शुद्धलेखन प्राध्यापकाला सुधारू द्या, पण क्रेडिटचा रकाना मंजुरीशिवाय उघडूच नये.

या चारही नियमांमागचं तत्त्व एकच आहे: कोर्सची यादी एकदा प्रसिद्ध झाली आणि विद्यार्थ्यांनी त्यावरून निवड करायला घेतली, की ती बदलू नये. कारण सरळ आहे. विद्यार्थ्याने ज्या माहितीवर विश्वास ठेवून निर्णय घेतला, ती माहिती त्याच्या मागे बदलणं म्हणजे शब्द फिरवणं.

मोठा बदल दिसतो, छोटा दिसत नाही

२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एकदम ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले. प्रकरण इतकं वाढलं की ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. बदल मोठा होता, म्हणून तो सगळ्या महाराष्ट्राला दिसला. पेपरांत बातम्या आल्या, आंदोलनं झाली.

कोर्सच्या नोंदीतला किरकोळ बदल असा दिसत नाही. तो वीस-पंचवीस मुलांना लागतो. ती वेगवेगळ्या गावांची असतात. प्रत्येकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून त्यावर बातमीही होत नाही.

खांडबाऱ्यात याचं मोल जास्त का?

खांडबारा नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन. एका बाजूला नंदुरबार, दुसऱ्या बाजूला नवापूर. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. इथून विद्यापीठाचं मुख्यालय असलेलं जळगाव लांब आणि गुजरातची हद्द जवळ.

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सगळ्यात कमी. जिल्ह्यातली जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. कॉलेजात पोहोचलेली बरीच मुलं घरातली पहिलीच. मार्कशीटवर 'निकाल राखीव' का आलं, हे विचारायला घरात कुणी पदवीधर काका किंवा मावशी असेलच असं नाही.

दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबं ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे जातात. शिकणारं पोरही कधी सोबत जातं, कधी एखादं वर्ष शिक्षण थांबतं. नव्या धोरणातली 'थांबा आणि परत या' ही सोय खरं तर अशाच मुलांसाठी सगळ्यात उपयोगाची. यूजीसीच्या नियमांप्रमाणे बँकेतले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

आता विचार करा. एखादा मुलगा पहिलं वर्ष करून गेला आणि चार वर्षांनी परतला. मधल्या काळात त्याच्या कोर्सचं नाव बदललं, कोड बदलला, जुनी आवृत्ती सिस्टिममधून पुसली गेली. त्याच्या खात्यातल्या क्रेडिटसमोर जो कोड आहे, तो आता कुठल्याच यादीत नाही. तो कोर्स म्हणजे आजचा कोणता कोर्स, हे सांगायला कागद हवा. तो कुणी जपून ठेवला नसेल, तर त्याचं वर्ष गेलं.

हद्द ओलांडून गुजरातमधल्या कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यालाही हेच लागू. तिथलं विद्यापीठ नाव, कोड, क्रेडिट आणि सिलॅबस बघूनच समकक्षता ठरवणार. आपल्याकडच्या तीन कागदांवर तीन नावं असतील, तर शंका त्याच्यावरच घेतली जाणार.

त्यात रेंजचा प्रश्न वेगळाच. वेबसाइटवर पीडीएफ बदलली गेली, पण फाइलचं नाव तेच ठेवलं, तर ज्याच्या फोनमध्ये जुनी आहे त्याला बदल झाल्याचं कळणारच नाही. शहरातला मुलगा रोज साइट उघडेल. पाड्यावरचा मुलगा एकदा डाउनलोड केलेली पीडीएफ वर्षभर वापरतो. जाहीर झालेली गोष्ट बदलू नये, हा नियम त्याच्यासाठी सोय नाही, गरज आहे.

मग विद्यार्थ्यांनी काय करायचं?

पहिलं, प्रवेश घेतला त्या वर्षीची सिलॅबसची पीडीएफ जपून ठेवा. फाइलच्या नावात डाउनलोड केल्याची तारीख लिहा आणि ती स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. फोन हरवला तरी ती राहील.

दुसरं, परीक्षा फॉर्म भरताना चार गोष्टी ताडून बघा: कोड, नाव, क्रेडिट आणि कोर्सचा प्रकार. एकही जुळली नाही तर स्क्रीनशॉट काढा आणि फॉर्म सबमिट करण्याआधी कॉलेजात विचारा. रांग मोठी असली तरी.

तिसरं, निकालानंतर डिजिलॉकरमध्ये जाऊन क्रेडिट जमा झाले का बघा. मार्कशीटवरचा आकडा आणि खात्यातला आकडा एकच हवा.

चौथं, चूक दिसली तर तोंडी सांगून थांबू नका. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं.

आणि ज्यांच्या हातात बटण आहे त्यांनी?

सेव्ह करण्याआधी तीन प्रश्न पुरेसे आहेत. या रकान्यातली माहिती मार्कशीटवर छापली जाते का? या बदलाने कुणाचा एक तरी गुण हलू शकतो का? हा बदल आज प्रवेश घेतलेल्यांना सांगितला आहे का?

पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर दुरुस्ती खुशाल करा. एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर ती मंजुरीतून जाऊ द्या आणि पुढच्या सत्रापासून लागू करा. चालू सत्रातच करणं भाग असेल, तर पूर्वीसारखं शुद्धिपत्रक काढा. काय होतं, काय केलं, कधीपासून, या तीन ओळी पुरतात. ती वेबसाइटवर टाका, नोटीस बोर्डावर लावा आणि त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवा जिथे जूनमध्ये पीडीएफ पाठवली होती.

तेवढं झालं असतं, तर सायबर कॅफेत बसलेल्या त्या मुलीच्या फोनमध्ये ते शुद्धिपत्रक असतं. कॅफेवाल्याने "हाच असेल" म्हटल्यावर तिला अंदाजाने हो म्हणावं लागलं नसतं. तिने कोड बघून सांगितलं असतं, "हो, हाच आहे."